सामायिक जागांचे नूतनीकरण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अनेक भाडेकरू आणि गाळेधारक असलेल्या कार्यालयीन इमारतींमधील प्रवेशकक्ष, मार्गिका, लिफ्टसमोरची जागा, जिने आणि स्वच्छतागृहे यांच्या नूतनीकरणाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे आहे.

प्रश्न : आमच्या आठ मजली इमारतीत लहानमोठी बावीस कार्यालये आहेत. तळमजल्याचा प्रवेशकक्ष आणि सगळ्या मजल्यांवरच्या मार्गिका नव्याने करायचे ठरले आहे. डिझायनरने दिलेल्या आराखड्यात चकचकीत दगडी फरशी, गडद लाकडी भिंती, मधोमध शोभेची मांडणी आणि लिफ्टसमोर मोठे आरसे आहेत. समितीत दोन तट पडले आहेत : एकाला आराखडा फार आवडला आहे, तर दुसऱ्याला हा सगळा खर्च वायफळ वाटतो. सचिव या नात्याने मी सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आराखडा तूर्त बाजूला ठेवावा आणि आठवडाभर जागा कशी वापरली जाते ते पाहावे. तुमचे दोन्ही तट एका चित्रावर वाद घालत आहेत आणि त्या चित्रात बहुधा माणसे नसतील. सकाळी कार्यालये भरण्याची वेळ, जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळी इमारत रिकामी होण्याची वेळ, अशा तिन्ही वेळांना प्रवेशकक्षात एका जागी उभे राहून लोक कुठून येतात, कुठे थांबतात, कुणाला वळसा घालावा लागतो, सामान घेऊन आलेला माणूस कुठे टेकतो आणि नवखा पाहुणा कुठे गोंधळतो, एवढे इमारतीच्या नकाशावर पेन्सिलीने टिपून ठेवा. हे काम सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांच्याशी बोलल्याशिवाय पुरे होत नाही, कारण जागेच्या खोडी त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नसतात.

लिफ्टसमोरच्या जागेचा हिशेब मात्र आकड्यांत मांडता येतो. कार्यालयीन इमारतीत गर्दीच्या पाच मिनिटांत एकूण माणसांपैकी साधारण 12 ते 15 टक्के माणसे वर नेता येतील एवढी लिफ्टची क्षमता असावी, असे धरले जाते. तुमच्या इमारतीत 600 माणसे काम करत असतील, तर पाच मिनिटांत 72 ते 90 माणसे वर जायला हवीत. तेवढी क्षमता नसेल, तर रांग लागणारच, आणि मग ती रांग कुठे उभी राहणार हे आराखड्यात दिसले पाहिजे. एकमेकांना न खेटता उभे राहायला माणशी जवळपास एक चौरस मीटर जागा लागते, म्हणजे वीस माणसांची वाट पाहणारी गर्दी वीस चौरस मीटर अडवते. शोभेची मांडणी नेमकी याच जागेत येत असेल, तर ती कितीही देखणी असली तरी हलवायला हवी. बाहेर पडणाऱ्यांचा मार्ग या गर्दीतून जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

त्यानंतर भिंतींच्या आड आणि छताच्या वर काय आहे याचा शोध घ्यावा. जुन्या इमारतींत पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या उभ्या वाहिन्या, विजेच्या तारा आणि वातानुकूलनाच्या नळ्या मार्गिकांमधूनच गेलेल्या असतात. त्यांची दुरुस्ती आधी उरकली नाही, तर नव्या लाकडी भिंतीला वर्षाच्या आत ओल येते आणि एका गळतीपायी अख्खी भिंत उकलावी लागते. नळांच्या सर्व झडपा आणि जोडांपाशी हात जाईल अशी उघडता येणारी छोटी दारे भिंतीत आणि छतात ठेवायला डिझायनरला लेखी सांगा. ही दारे दिसायला नकोशी वाटतात म्हणून चित्रांतून ती वगळली जातात, आणि मग प्लंबर पहिल्याच भेटीत करवतीने स्वतःचे दार करून घेतो.

तुमच्या आराखड्यातील दोन गोष्टींबद्दल मला गंभीर हरकत घ्यावीशी वाटते. मार्गिका आणि प्रवेशकक्ष हे आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग असतात, त्यामुळे तिथल्या भिंतींवर आणि छतावर लावलेल्या साहित्यावरून ज्वाला किती वेगाने पसरते याचे चाचणी प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय लाकडी आवरणाला होकार देऊ नये. आरशांचेही तसेच आहे. धुरात किंवा घाईत माणूस आरशातल्या दाराकडे धावू शकतो, म्हणून बाहेर पडण्याच्या दारांवर किंवा त्यांची दिशा चुकवील अशा जागी आरसे लावू नयेत, असा अग्निसुरक्षेचा दंडक आहे. लिफ्टच्या शेजारीच जिन्याचे दार असेल, तर तुमचे मोठे आरसे नेमके तिथेच येत आहेत का, हे तपासा.

फरशीच्या बाबतीत कोरड्या नमुन्यावर विसंबू नये. चकचकीत दगड कोरडा असताना निर्धोक वाटतो, पण ओल्या चपला-बुटांखाली तोच घातक ठरतो. घसरणीची मोजणी लोलकाच्या उपकरणाने होते आणि ओल्या पृष्ठभागावर तिचा आकडा 36 किंवा त्याहून अधिक आला, तर घसरण्याचा धोका कमी मानतात. 25 च्या खाली तो मोठा मानला जातो. विक्रेत्याकडे ओल्या चाचणीचा हाच आकडा मागावा. शिवाय दारातच, फरशीच्या खाचेत बसवलेले पायपुसणे असे लांब असावे की आत येणाऱ्याचा प्रत्येक पाय त्यावर दोन-तीनदा पडेल. दारात टाकलेला हातभर तुकडा पाणी पुसत नाही. तो फक्त सरकतो आणि अडखळवतो.

गडद भिंतींचा विचार उजेडासोबत करावा लागतो. उजेड लक्स या एककात मोजतात आणि भर उन्हात बाहेर लाखभर लक्सपर्यंत उजेड असू शकतो. तिथून गडद प्रवेशकक्षात पाऊल टाकणाऱ्याला काही क्षण पायरीसुद्धा दिसत नाही. म्हणून दाराजवळचा भाग दिवसा अधिक उजळ आणि रात्री मंद, अशी दिव्यांची दोन वेळांची रचना करणे शहाणपणाचे ठरते. मार्गिका आणि जिने यांना फरशीच्या पातळीवर साधारण 100 लक्स, लिफ्टसमोर आणि स्वच्छतागृहात 200, तर स्वागतकक्षाच्या टेबलावर 300 लक्स, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. गडद भिंत उजेड गिळते, त्यामुळे तेवढाच प्रकाश मिळवायला दिवे वाढवावे लागतात आणि त्यांचे वीजबिल सर्वांना भरावे लागते. माणसाच्या हालचालीने लागणारे दिवे बसवणार असाल, तर मार्गिका रिकामी असताना ते पूर्ण विझू नयेत, मंद राहावेत. काळोख्या मार्गिकेत पहिले पाऊल टाकायला अनेकांना, विशेषतः उशिरापर्यंत काम करणाऱ्या स्त्रियांना, भीती वाटते आणि ती रास्त आहे.

स्वच्छतागृहांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. इमारतीविषयीच्या तक्रारींत ती बहुतेक वेळा सर्वांत वर असतात, म्हणून पैसे अपुरे पडणार असतील तर प्रवेशकक्षाची सजावट कमी करून स्वच्छतागृहांची हवा बाहेर खेचणारी व्यवस्था, नळ आणि फरशीचा उतार आधी करून घ्यावा. दार उघडल्यावर बाहेरून आतले काही दिसू नये, प्रत्येक दाराच्या आत पिशवी अडकवायला भक्कम खुंटी असावी, आणि प्रत्येक मजल्यावर सफाईसाठी एक लहान खोली असावी. या खोलीविषयी मी आग्रहाने लिहितो आहे, कारण आराखड्यात ती जवळजवळ कधीच नसते. तिच्यात जमिनीलगत उथळ कुंड, त्यावर नळ, ओले पोछे वाळायला खुंट्या आणि हवेला वाट एवढेच लागते. ही खोली नसली की बादल्या हात धुण्याच्या बेसिनमध्ये भराव्या लागतात, पोछे जिन्याच्या वळणावर उभे राहतात, आणि नवी कोरी फरशी रोज त्याच कुबट पाण्याने पुसली जाते.

एवढे झाल्यावर आराखडा पुन्हा समितीपुढे ठेवा. त्या वेळी वाद उरेल तो रंगाचा आणि दगडाचा, आणि तो मतदानाने सोडवता येईल. फक्त मार्गिकांच्या भिंतींना जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरपर्यंत टणक, पुसता येणारे आवरण आणि वळणांवर कोपरेरक्षक पट्ट्या असाव्यात. ढकलगाड्यांनी कोपरे उडतात, आणि उडालेला कोपरा वर्षभरात नवे काम जुने करून टाकतो.

प्रश्न : आमच्या इमारतीचा प्रवेशकक्ष नुकताच नवा झाला. काच, दगड आणि गुळगुळीत पांढरे छत असे त्याचे रूप सर्वांना आवडते. पण तिथे एवढा घुमारा आहे की स्वागतकक्षातील कर्मचारी स्त्रीला समोरच्या माणसाचे नाव तीनदा विचारावे लागते. शोभेची झाडे ठेवून पाहिली, फरक पडला नाही. आता तोडफोड न करता काही होऊ शकेल का?

उत्तर : नक्की होऊ शकेल, आणि उपाय छतात आहे. झाडांचा उपयोग झाला नाही यात नवल नाही. चार-दोन कुंड्या आवाज शोषण्याच्या कामी येत नाहीत.

या विषयाचे गणित अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहातून आले. 1895 मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृह सुधारायला सांगण्यात आले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे वक्त्याचे पुढचे शब्द मागच्या शब्दांत बुडून जात. सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या आणून, त्यांची संख्या वाढवत नेऊन प्रत्येक वेळी घुमाऱ्याचा काळ मोजला. त्यातून जे सूत्र निघाले, ते आजही वापरात आहे : खोलीचे घनमीटरमधले घनफळ 0.161 ने गुणायचे आणि सर्व पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा शोषतो तो, यांच्या बेरजेने) भागायचे, म्हणजे घुमाऱ्याचे सेकंद मिळतात.

तुमचा प्रवेशकक्ष 12 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि 4 मीटर उंच आहे असे धरू. त्याचे घनफळ 480 घनमीटर आणि फरशी, छत व भिंती मिळून पृष्ठभाग 416 चौरस मीटर होतो. काच, दगड आणि गिलावा आलेल्या आवाजाचा सरासरी तीन टक्के भागच शोषतात, म्हणजे एकूण शोषण साडेबारा चौरस मीटर आणि घुमारा सहा सेकंदांहून थोडा अधिक. आता छताच्या 90 चौरस मीटर भागाला 80 टक्के आवाज शोषणारे फलक लावले, तर शोषण 82 चौरस मीटरच्या घरात जाते आणि घुमारा एका सेकंदाच्या आत येतो. सगळे शोषण एकाच बाजूला असल्याने प्रत्यक्षातला आकडा याहून काहीसा जास्त येईल, तरी बोलणे समजू लागेल एवढा फरक निश्चित पडतो.

फलक निवडताना एक फसगत टाळा. साधे जिप्समचे छत, त्यात कितीही कोनाडे आणि दिवे असले तरी, बोलण्याचा आवाज फारसा शोषत नाही. त्यासाठी सच्छिद्र जिप्सम आणि त्यामागे खनिज लोकर, किंवा दाबलेल्या तंतूंचे फलक लागतात. हे फलक तारांनी लटकवता येतात, त्यामुळे सध्याचे छत काढावे लागणार नाही. मात्र आग विझवणारे फवारे आणि धूर ओळखणारी उपकरणे त्यांच्याआड झाकली जाणार नाहीत, याची खातरजमा अग्निशमन तज्ज्ञाकडून करून घ्यावी. पुढे कधी रंगकाम करताना या फलकांवर साधा तैलरंग फासू देऊ नका, कारण छिद्रे बुजली की फलक असून नसल्यासारखे होतात. स्वागतकक्षामागच्या भिंतीवरही असा एखादा फलक लावला, तर त्या कर्मचाऱ्यांना लगेच दिलासा मिळेल.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो. माझे कार्यालय ज्या इमारतीत आहे तिच्या प्रवेशद्वाराला एकच पायरी आहे आणि रोज कुणाला तरी हाक मारून मला ती ओलांडावी लागते. नूतनीकरणात उतार करू, असे आश्वासन मिळाले आहे. आराखडा दाखवतील तेव्हा मी काय पाहावे?

उत्तर : सर्वप्रथम उताराची लांबी पाहा. उभ्या एका मापाला आडवी किमान बारा मापे, हे प्रमाण सर्वत्र मानले जाते. पायरी 150 मिलिमीटर उंच असेल तर उतार 1,800 मिलिमीटर लांब हवा, आणि वर व खाली वळायला व थांबायला प्रत्येकी 1,500 मिलिमीटर सपाट जागा हवी. म्हणजे एका पायरीसाठी जवळपास पाच मीटर जागा लागते. आराखड्यात पायरीसमोर दीड मीटरचा तिरका तुकडा दाखवला असेल, तर तो उतार नव्हे, हे लगेच लेखी कळवा. वरच्या सपाट जागेवर दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल, तर दाराचा पल्ला तुम्हाला मागे रेटणार नाही एवढी जागा आणखी लागते. शक्य असेल तिथे बाहेरची जमीनच हलक्या चढाने दारापर्यंत उचलून घेणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण मग सगळेच एका वाटेने आत येतात आणि कुणासाठी वेगळी वाट उरत नाही.

आत आल्यावर दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर असावी. चौकटीची रुंदी सांगून ती मोकळी रुंदी म्हणून खपवली जाते, तेव्हा दार उघडलेल्या स्थितीतले माप मागा. स्वागतकक्षाच्या टेबलाचा एक भाग बसून बोलता येईल एवढा खाली आणि खालून गुडघ्यांना मोकळा असावा. लिफ्टची बटणे जमिनीपासून 900 ते 1,100 मिलिमीटर उंचीवर असली, तर बसलेल्यालाही आणि उभ्यालाही पोहोचता येतात. दार स्वतः मिटवणारी यंत्रणा एवढी ताठ नसावी की एका हाताने दार लोटता येऊ नये. तुमच्याच इमारतीत कमी दिसणारे सहकारीही असतील. त्यांच्यासाठी पूर्ण काचेच्या दारांवर डोळ्यांच्या उंचीवर ठळक पट्टा, पायऱ्यांच्या कडांना वेगळा रंग आणि दार व भिंत यांच्या उजळपणात स्पष्ट फरक असावा, अशी मागणी तुम्ही एकत्र करावी. आराखडा पक्का होण्यापूर्वी फरशीवर चिकटपट्टीने ही सर्व मापे आखून तुम्ही स्वतः व्हीलचेअर फिरवून पाहणे, हा तुमचा हक्क समजा.

प्रश्न : आमचे दालन तळमजल्यावर असून त्याला रस्त्याकडून स्वतंत्र दार आहे. लिफ्ट, प्रवेशकक्ष आणि वरच्या मार्गिका आम्ही वापरतच नाही. तरी नूतनीकरणाचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात सर्वांवर लादला जात आहे. हे न्याय्य आहे का?

उत्तर : अंतिम उत्तर तुमच्या करारातच मिळेल, त्यामुळे तो वकिलाकडून वाचून घ्यावा. न्याय्य काय, याविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे : एकच सरसकट वाटणी न करता खर्चाच्या वेगवेगळ्या याद्या कराव्यात. समजा, इमारतीचे एकूण क्षेत्र 6,000 चौरस मीटर असून तुमचे दालन 900 चौरस मीटर आहे. वरच्या मजल्यावरील 300 चौरस मीटरच्या कार्यालयाचा सरसकट वाटा 5 टक्के होतो. लिफ्ट आणि प्रवेशकक्षाच्या यादीतून तुमचे क्षेत्र वगळले, तर 5,100 वर त्याचा वाटा सुमारे 5.9 टक्के होतो. वरच्यांना ही वाढ फार जड नाही. पण त्याच न्यायाने गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती, अग्निशमनाचे पंप आणि मुख्य वीजजोडणी यांच्या यादीत तुमचा वाटा पूर्ण राहतो, कारण त्यांवाचून तुमचे दालनही सुरक्षित नाही.

तुम्ही भाडेकरू असाल, तर आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. मोडलेले दुरुस्त करणे आणि इमारतीची किंमत वाढेल असे नवे काही उभारणे, या दोन खर्चांना एकाच शीर्षकाखाली घालू देऊ नका. दुसऱ्याचा लाभ मालकाकडे, तुमची भाडेमुदत संपल्यावरही, राहतो. शिवाय प्रत्येक नव्या वस्तूपुढे तिचा दहा वर्षांचा देखभाल खर्च मांडायला सांगा; दगडाला ठरावीक काळाने पुन्हा झिलई लागते आणि उंच छतातला दिवा बदलायला परांची उभी करावी लागते, हे दर महिन्याच्या देखभालीच्या बिलात उमटते.

प्रश्न : कार्यालये चालू ठेवूनच काम करायचे आहे. कंत्राटदार म्हणतो की सगळे मजले एकदम हाती घेतले तर लवकर उरकेल. त्याचे ऐकावे का?

उत्तर : ऐकू नये. एका वेळी एक मजला, आणि त्या मजल्यावरही मार्गिकेची एक बाजू, असे टप्पे पाडावेत. बाहेर पडण्याचा कोणताही मार्ग बंद करावा लागणार असेल, तर त्याआधी पर्यायी मार्ग चालू असला पाहिजे आणि तो फलक लावून सर्वांना कळवलेला असला पाहिजे. लिफ्ट दोन असतील, तर एक राडारोड्यासाठी ठरवून तिच्या आतल्या भिंतींना जाड आवरण घालावे. तोडफोड आणि ड्रिलिंग कार्यालये सुटल्यावर करावे. कामाची जागा प्लास्टिकच्या पडद्याने बंद करून भागत नाही. प्लायवुडचा आडोसा छतापर्यंत नेऊन फटी बुजवाव्यात आणि त्या भागातली हवा वातानुकूलन यंत्राकडे परत खेचणारी जाळी झाकावी, नाहीतर सिमेंटची धूळ त्याच वाटेने सगळ्या कार्यालयांत पोहोचते. जिन्याची अग्निरोधक दारे सामान नेण्यासाठी विटा लावून उघडी ठेवली जातात, तीही रोज पाहावी लागतील. रंग आणि गोंद यांचा वास बसायला वेळ लागतो, तेव्हा ती कामे साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी संपतील असे वेळापत्रक आखावे आणि सुट्टीभर हवा खेळती ठेवावी. हे सर्व कंत्राटात आकार आणि वेळांसकट लिहिलेले असेल, तर कंत्राटदाराला दर सांगण्यापूर्वीच त्याचा खर्च धरता येतो आणि काम सुरू झाल्यावर त्यावरून तंटा होत नाही.